यंत्रमानवांच्या सामन्यांतील प्रेक्षकधर्म

अमेरिकेंतील ‘फर्स्ट’ संस्थेनें १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर राज्यांत शाळकरी मुलांच्या यंत्रमानवांचे सामने सुरू केले. आज त्यांत तीन-तीन संघांचे दोन पक्ष खेळतात, आणि आरंभींच्या फेऱ्यांत सोबती दर डावास बदलतात. आतां ज्याची हुर्यो करावी, तोच पुढील डावांत आपला सोबती! म्हणून प्रेक्षकानें उभय पक्षांच्या कौशल्यास टाळ्या द्याव्या. मित्रांसाठीं आसनें अडवूं नयेत. स्वतःचें बिनतारी जाळें सुरू करूं नये, कारण त्यानें यंत्रांस जाणाऱ्या संदेशांत व्यत्यय येऊं शकतो. मुक्कामाच्या ठिकाणींही हाच धर्म पाळावा. रात्रीं दिवे वेळेवर मालवावे, गलका टाळावा. पालकांनीं स्वतःच्या आचरणानें हें शिकवावें. भिंतीपलीकडे कदाचित् उद्यांचा सोबतीच निजला असेल.