बियांपासून चंदनाची रोपे : सुरुवात यजमानापासून

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेल्या होसकोटे तालुक्यातील गोट्टीपुरा येथे काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे क्षेत्र संशोधन केंद्र आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या निवडक चंदनवृक्षांचे वाण येथील तांबड्या जमिनीत जतन केलेले आहेत. म्हैसूर प्रांतात टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरविले आणि त्यानंतर दीर्घकाळ खासगी जमिनीतील चंदनावरही सरकारचाच हक्क राहिला. साहजिकच बांधावर आपोआप उगवलेले रोप जपण्याचा उत्साह शेतकऱ्यास नसे. कर्नाटकाने २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जमीनमालकास झाडाचा मालक मानले आणि चंदन शेतात आले. महाराष्ट्रातही आता लागवडीकडे कल वाढला आहे. मात्र या पिकातील सर्वांत महागडी चूक रोपवाटिकेतच घडते आणि ती कळून येण्यास काही वर्षे जातात. म्हणून बियांपासून सुदृढ रोप कसे तयार होते, याचा येथे क्रमाने विचार करू.

चंदनाचा स्वभाव

चंदन (सँटॅलम अल्बम) हा अर्धपरजीवी वृक्ष आहे. हिरव्या पानांमुळे तो स्वतःचे अन्न तयार करतो. परंतु पाणी व खनिज द्रव्यांचा मोठा भाग तो शेजारच्या झाडांच्या मुळांतून घेतो. त्यासाठी त्याच्या मुळांवर बारीक गाठींसारखे शोषक अवयव तयार होतात व ते यजमानाच्या मुळांना घट्ट चिकटतात. बीजातील साठ्यावर रोप काही काळ एकटे जगते, हिरवेही दिसते. पुढे मात्र पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते दगावण्याची शक्यता वाढते. अशा वेळी पाणी वा खत वाढवून उपयोग होत नाही, कारण उणीव यजमानाची असते.

बियांची निवड व साठवण

चंदनास वर्षातून साधारणतः दोनदा फुलोरा येतो. पिकलेले फळ जांभळट काळे व मऊ होते. पाच वर्षांच्या झाडासही बी धरते. तथापि रोपवाटिकेसाठी वीस वर्षांवरील, निरोगी व सरळ खोडाच्या झाडांचे बी घ्यावे. चंदनात परपरागीभवनाचे प्रमाण अधिक असल्याने एकाकी झाडाऐवजी समूहातील अनेक झाडांचे बी एकत्र करणे हितावह ठरते.

फळे पाण्यात भिजवून चोळावीत, गर पूर्णपणे काढावा व बी सावलीत वाळवून हवाबंद पिशवीत ठेवावे. ताजे बी सुमारे दोन महिने सुप्तावस्थेत असते. साठवलेल्या बियांची उगवणक्षमता सुमारे नऊ महिने टिकते. म्हणून बी खरेदी करताना ते कोणत्या महिन्यात गोळा केले, हे आवर्जून विचारावे.

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडेल. तीन बाय तीन मीटर अंतराने एकरी सुमारे ४४० रोपे बसतात. दोन बियांमागे एक चांगले रोप मिळाले असे धरले, तर सुमारे ९०० बिया लागतील. एका किलोत साधारणतः पाच ते सहा हजार बिया भरतात. म्हणजे एकरास पाव किलो बीही लागत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या पिकाचा पाया एवढ्याशा बियांवर असताना तेथे काटकसर करणे शहाणपणाचे नव्हे.

पेरणी

पेरणीपूर्वी बी जिब्रेलिक आम्लाच्या ०.०५ टक्के द्रावणात (एक लिटर पाण्यास ५०० मिलिग्रॅम) रात्रभर भिजवावे. त्यामुळे उगवण लवकर व एकसारखी होते. गादीवाफ्यासाठी तीन भाग वाळू व एक भाग लाल माती असे मिश्रण वापरावे. बी पेरून वर पातळ थर द्यावा व भाताचा पेंढा अंथरावा. उगवण सुमारे एक महिन्यानंतर सुरू होते आणि तीन महिन्यांपर्यंत चालते. तेव्हा वाफा घाईने मोडू नये. पाने दिसू लागताच पेंढा काढावा. सूत्रकृमी व बुरशी यांच्या एकत्रित प्रादुर्भावाने कोवळी रोपे मोठ्या संख्येने मरतात. पाण्याचा उत्तम निचरा हा त्यावरील पहिला उपाय होय. औषधे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच वापरावीत.

पिशवीतील संगोपन

चार ते सहा पाने आल्यावर सोटमुळास इजा न करता रोप उचलून पिशवीत लावावे. मुळे क्षणभरही सुकू देऊ नयेत. पिशवीत दोन भाग वाळू, एक भाग लाल माती व एक भाग शेणखत असावे. पहिला आठवडा सावली द्यावी. याच वेळी प्रत्येक पिशवीत तुरीचे बी टोकावे. तूर हा रोपवाटिकेतील भरवशाचा यजमान आहे. मात्र तिचे शेंडे वरचेवर छाटावेत, अन्यथा यजमानच चंदनास सावलीत दाबून टाकतो. दर दोन महिन्यांनी पिशव्या जागेवरून हलवाव्यात. त्यामुळे मुळे जमिनीत शिरत नाहीत. हलविताना उंचीनुसार रोपांची प्रतवारीही करावी. सहा ते आठ महिन्यांत सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे, तपकिरी खोडाचे रोप लागवडीस योग्य होते.

रोप विकत घेताना

ज्यांना स्वतः रोपे करणे शक्य नाही, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात: पिशवीत जिवंत यजमान आहे काय, खोडाचा खालचा भाग तपकिरी झाला आहे काय, मूळ पिशवीबाहेर जाऊन तुटलेले नाही ना, आणि बी कोठले, हे विक्रेता सांगू शकतो काय. केवळ उंच व हिरवेगार रोप पाहून भुलू नये.

शेतात गेल्यावर

तुरीचे काम अल्पकाळाचे आहे. शेतात चंदनाजवळ सुरू, करंज, शेवगा किंवा डाळिंब यांसारखा दीर्घायुषी यजमान आधीच किंवा सोबतच लावावा. महाराष्ट्रात चंदन तोडण्यासाठी परवानगी आवश्यक असल्याने लागवडीची नोंद सातबारा उताऱ्यावर प्रारंभीच करून घ्यावी.

सुगंधी गाभा धरण्यास साधारणतः दहा वर्षांनंतर सुरुवात होते व पुढे तो वाढत जातो. एवढ्या दीर्घ प्रतीक्षेच्या पिकात दहाव्या वर्षी दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे करावयाचे ते पहिल्या आठ महिन्यांत, पिशवीतील चंदन व तुरीच्या सहवासातच करावे लागते.