ड्रायर फिरत नाही, आकृती काय सांगते?

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन कपडे धुते, पण ड्रायर ढिम्म. मागच्या झाकणाच्या आत वायरिंगची आकृती चिकटवलेली आहे. तिच्यावरून दोष सापडेल का? – एक वाचक, वरळी कोळीवाडा

उत्तर : सापडेल. आधी प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. धुण्याची मोटर चालते, म्हणजे कॉर्डमधून वीज आत येते आहे. आता आकृतीत ड्रायरच्या मोटरची वाट बोटाने धरा : बहुधा टायमर, झाकणाचा सेफ्टी स्विच, मग मोटर. यातलं एक तुटलं की सगळं ठप्प.

तुमच्याकडे समुद्राचा खारा वारा, त्यामुळे माझा पहिला संशय स्विचवर. त्याची एक वायर सोडवून मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावा. झाकण बंद असताना बीप यायला हवा, उघडताच थांबायला हवा. पत्ती हिरवट दिसली तर घासत बसू नका, स्विच बदला. स्वस्तातला भाग आहे. काही कारागीर दोन वायरी थेट जोडून मोकळे होतात, तसं अजिबात करू देऊ नका. मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेणाऱ्या टबात हात गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

स्विच ठीक असेल तर टायमर फिरवून तशीच तपासणी करा. मोटर नुसतीच गुणगुणत असेल तर अडकलेला ब्रेक किंवा कपॅसिटर. कपॅसिटरला मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. तिथे मेकॅनिकच बोलवा आणि आकृतीचा फोटो त्याला आधीच पाठवा.