नळाचे जड पाणी : चुलीपासून चोपण जमिनीपर्यंत



लागण, बेणे, खोडवा, खताचे हप्ते यांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. एका गट मेळाव्यात माती-पाणी परीक्षणाची माहिती देऊन आम्ही खाली बसलो, तोच मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. "साहेब, उसाच्या पाण्याचं झालं. आमच्या नळाच्या पाण्याचं काय? डाळ शिजत नाही आन् बोलणी सुनेला बसतात." सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या गावच्या टाकीत बोअरचे पाणी चढते आणि ते जड आहे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते.

आपल्या भागाचा काळा खडक झिजताना त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डाय-ऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि हे क्षार विरघळवत खाली जाते. जितके जास्त काळ खडकात राहील तितके साधारणपणे जड होते. तरी शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी सारखे असेलच असे नाही, म्हणून चवीवरून अंदाज करू नये.

ज्यांनी शेतासाठी पाणी तपासून घेतले आहे त्यांनी तो कागद पुन्हा काढावा. त्यात कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम हा आकडा मिली-इक्विव्हॅलंटमध्ये असतो. त्याला 50 ने गुणले की दर लिटरला किती मिलिग्रॅम जडपणा आहे ते मिळते. आकडा 8 असेल तर जडपणा 400. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, सन 2012) 200 पर्यंत चांगले मानले आहे आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले आहे. म्हणजे 400 चे पाणी पिता येते, पण घरखर्चात ते बोचते.

कसे ते पाहा. साबण आधी या क्षारांशी मिळून त्याचा चिकट, पांढरट चोथा होतो. क्षार संपल्यावरच फेस येतो. एक ग्रॅम जडपणा सुमारे सहा ग्रॅम साबण खातो. 400 च्या पाण्याच्या 20 लिटरच्या बादलीत 8 ग्रॅम जडपणा असतो, तेव्हा बादलीभर पाण्याला फेस आणायचा तर जवळजवळ 50 ग्रॅम साबण कपड्याला न लागताच जातो. वर तो चोथा कपड्यात बसून धोतर पिवळट आणि खरखरीत होते ते निराळेच. धुण्यापुरते बादलीत 20 ते 25 ग्रॅम धुण्याचा सोडा आधी विरघळवून थोडा वेळ ठेवला तर साबण पुष्कळ वाचतो. हे पाणी स्वयंपाकाला घ्यायचे नाही, आणि हाताला भेगा असतील तर जपून.

बंबात व गिझरच्या कांडीवर जो पांढरा थर बसतो तो चुनखडीचा. तो उष्णता अडवतो, मग जळण आणि वीज जास्त लागते. आपल्या कारखान्यात बॉयलरला विहिरीचे पाणी सरळ देत नाहीत ते याचसाठी. रसाच्या वाफेचे थंड झालेले पाणी फिरवून वापरतात आणि वरून भर घालायचे पाणी मऊ करून घेतात. घरच्या कांडीला व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवले की थर सुटतो (वीज बंद करून, पिन काढूनच). दुकानातले जालीम ॲसिड वापरू नका, ते धातूही खाते.

आता डाळ. जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, म्हणून तूर कितीही उकळली तरी दाणा राहतो. यात सुनेचा दोष नाही! खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते खरी, पण त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा पाणी आधी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. खाली पांढरी भुकटी बसली तर समजावे की निदान काही जडपणा तात्पुरत्या जातीचा होता व तो निघाला. कायमचा जडपणा उकळून जात नाही. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालावे, हे बायकांना आम्ही सांगायला नको.

मुतखड्याबद्दल हटकून विचारतात. जड पाण्याने खडा होतोच असे सिद्ध झालेले नाही. ऊसतोडीच्या उन्हात पाणी कमी पिणे याने मात्र धोका नक्की वाढतो, तेव्हा पाणी जड आहे म्हणून कमी पिऊ नये.

मेळाव्यानंतर चौघांनी मिठावर चालणारे पाणी मऊ करायचे यंत्र घेऊ का म्हणून विचारले. विक्रेते दारावर येतात, पण पुढचा हिशेब ते सांगत नाहीत. हे यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते. 400 च्या पाण्याचे रोज 500 लिटर मऊ करायला किमान पाव किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला 85 किलो मीठ लागते. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. ते सारे सांडपाण्यातून परसात आणि तिथून उसाच्या सरीत. चोपण जमिनीतला सोडियम हटवायला आपण पैसे मोजून जिप्सम टाकतो, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियमच. घरी कॅल्शियम काढून रानात सोडियम सोडायचा, हा उफराटा व्यवहार आम्हाला पटत नाही. घ्यायचेच तर बंबापुरते लहान घ्या, धुवणीचे खारे पाणी पिकाला जाऊ देऊ नका, आणि रक्तदाबाच्या माणसाला ते मऊ पाणी प्यायला देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आमचा कल पागोळीच्या पाण्याकडे आहे. 100 चौरस मीटर पत्र्यावर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर 50 हजार लिटर होतात, पाचवा हिस्सा वाया धरला तरी 40 हजार. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्याव्या, तोंडाशी वाळूची गाळणी ठेवावी, टाकी झाकलेली असावी. रोज 40 लिटर डाळ-भाताला काढले तर हजार दिवसांचे पाणी झाले. एवढी मोठी टाकी कोण बांधतो, हे खरेच, पण पाच हजार लिटरच्या टाकीतही चार महिने निघतात.

तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. बोअर दहा मिनिटे चालल्यावर पाणी घ्यावे. बाटलीवर नाव, गट नंबर, तारीख आणि 'घरगुती' असे लिहून गट ऑफिसात द्यावी. सोबत नायट्रेट व फ्लोराइडही तपासायला सांगावे. ते जास्त निघाले तर गोष्ट वेगळी, कारण ते उकळून जात नाहीत आणि तिथे पिण्यासाठी दुसरे पाणीच पाहावे लागते.

— ऊस विकास अधिकारी