मूलपेशी आणि आपले सांधे : आशा किती, आमिष किती?

'स्टेम सेल' हा शब्द आता वर्तमानपत्राच्या जाहिरातीतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितीतून आपल्या गावापर्यंत येऊन पोचला आहे. गुडघे धरलेल्या आजोबांना, लंगडत शाळेत येणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना कोणीतरी सांगतो, "एक इंजेक्शन घ्या, सांधा नवा होईल." खर्च ऐकला की कापसाचे अख्ख्या हंगामाचे पैसे डोळ्यांसमोर येतात. काही घरांत शेताचा तुकडा काढायची भाषा होते. म्हणून या अंकाच्या विज्ञान-पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ. मूलपेशी म्हणजे काय, सांधे व स्नायूंच्या आजारात त्यांचा आजवर खरा उपयोग किती झाला, आणि आपल्या आदिलाबाद जिल्ह्याशी या विषयाचा संबंध कोणता.

१. मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहते. मूलपेशीचे तसे नाही. तिच्या अंगी दोन गुण असतात. ती स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करते आणि गरज पडेल तशी विशिष्ट कामाची पेशीही बनवते. बियाणे राखून ठेवून पीकही घ्यावे, तसे हे काम चालते.

हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा हे याचे उत्तम उदाहरण. तेथील मूलपेशींपासून आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. या मूलपेशींचे अस्तित्व १९६१ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलॉक या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. त्याच वर्षी अलेक्झांडर मॉरो यांनी स्नायूंच्या तंतूंना चिकटून राहणाऱ्या 'उपग्रह पेशी' शोधल्या. व्यायामाने किंवा इजेने स्नायूचे तंतू फाटले, तर ते दुरुस्त करणाऱ्या याच पेशी. पुढे २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील साध्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखविल्या. त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूलपेशींचा उपचार नवा नाही, हेही लक्षात घ्यावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. डॉ. अडवाणी यांना लहानपणीच पोलिओ झाला होता आणि त्यांनी आपले सारे वैद्यकीय कार्य चाकाच्या खुर्चीतून केले. आपल्या जवळच्या हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वापरून भाजलेल्या डोळ्यांवर २००१ पासून उपचार झाले आहेत. म्हणजे रक्त आणि डोळा या दोन ठिकाणी मूलपेशींनी खरोखर काम केले आहे. प्रश्न आहे तो सांध्यांचा व स्नायूंचा.

२. हाड जुळते, मग कूर्चा का नाही?

हात मोडला तर प्लास्टर घातल्यावर काही आठवड्यांत हाड जुळते. कारण हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो. पण सांध्यात हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो, त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. गुडघ्यात हा थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा. त्यातील पेशी विरळ असतात आणि क्वचितच विभागतात. त्यामुळे कूर्चा एकदा झिजली की तशीच भरून येत नाही. ही गोष्ट लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवली आहे. मज्जातंतू नसल्यामुळे झीज सुरू झाल्याचे आपल्याला कळतही नाही. दुखू लागते तोवर बरीच वाट लागलेली असते.

३. आज कोणते उपचार आहेत?

(अ) स्वतःच्याच कूर्चेची लागवड : स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या कमी भार असलेल्या जागेतून कूर्चेचा लहान तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातील पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात भरायच्या. मांडीच्या हाडाच्या टोकावर उपचार झालेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला, पण वाटीच्या हाडावरच्या ७ पैकी दोघांनाच. म्हणजे तोच उपचार, तोच गुडघा, पण जागा बदलली की फळ बदलले. भारतात मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशा उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. हा उपचार खेळताना वा अपघातात कूर्चेला मर्यादित खड्डा पडलेल्यांसाठी आहे. सगळा गुडघा झिजलेल्या सत्तरीच्या आजीसाठी नाही. शिवाय या पेशी तयार कूर्चेच्या असतात, मूलपेशी नव्हेत.

(आ) अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील पेशींचे इंजेक्शन : जाहिराती बहुतेक याच्याच. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या औषधाला गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यासाठी १४६ रुग्णांवर चाचणी झाली होती. पण अमेरिकेत सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशी-इंजेक्शनांची तुलना नेहमीच्या स्टिरॉइड इंजेक्शनशी केली गेली. वर्षाअखेर वेदना कमी होण्यात एकही प्रकार सरस ठरला नाही. दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर निष्कर्ष असा : काही रुग्णांचे दुखणे काही काळ कमी होते. टोचलेल्या पेशी बहुतांशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्या जिवंत असताना जी द्रव्ये सोडतात, त्यांनी सूज उतरते. पण झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा उगवते, असे सिद्ध झालेले नाही. या पेशींना १९९१ मध्ये 'मूलपेशी' हे नाव रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये हे नाव बदलावे असे लिहिले, कारण त्या नावाने लोकांची दिशाभूल होत होती.

(इ) पी.आर.पी. : यात आपलेच रक्त काढून, फिरवून, त्यातील बिंबाणूंचा भाग सांध्यात टोचतात. हा मूलपेशींचा उपचार नव्हे, तरी काही ठिकाणी त्याच नावाने खपवला जातो. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवरील चाचणीत (२०२१) हे इंजेक्शन आणि साधे मिठाचे पाणी यांत वर्षभरानंतर म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

४. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न : सिकलसेल आणि खुबा

आता घराजवळ येऊ. आदिलाबाद, किनवट, पैनगंगेपलीकडचे यवतमाळ आणि पुढे गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. गोंड, कोलाम, परधान या बांधवांत तो आहेच, पण तो फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात इतर समाजांतही तो दिसतो.

हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. साधी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक, म्हणजे खुब्याचा गोळा, थोड्याच बारीक वाहिन्यांवर जगत असतो. त्या तुंबल्या की तेथील हाड मरते आणि गोळा हळूहळू बसतो. मग पंधरा-वीस वर्षांचा मुलगा लंगडू लागतो, जांघेत दुखते म्हणतो, आणि घरचे समजतात की कुठे पडला असेल, लचकले असेल.

अशा खुब्यासाठी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून हाड बांधणाऱ्या पेशी वाढवून सोडण्याचा उपचार भारतात २०१७ पासून मान्य आहे. पण तो गोळा बसण्याआधी करायचा असतो. सिकलसेल असेल तर मूळ रक्तदोष तसाच राहतो, म्हणून हाडांचे आणि रक्ताचे अशा दोन्ही तज्ज्ञांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. मूळ दोषावरचा इलाज म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. १९८४ मध्ये अमेरिकेतील एका आठ वर्षांच्या मुलीचा रक्ताचा कर्करोग आणि सिकलसेल असे दोन्ही आजार या एकाच प्रत्यारोपणाने बरे झाल्याची नोंद आहे. अडचण अशी की सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि उपचारात धोकाही असतो. जनुक दुरुस्त करून रुग्णाच्याच मूलपेशी परत देण्याच्या उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली.

या सर्वांपेक्षा स्वस्त गोष्ट म्हणजे वेळेवर रक्ततपासणी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात तेलंगणा व महाराष्ट्र दोन्ही राज्ये आहेत आणि चाळिशीपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न जुळविताना पत्रिका पाहणाऱ्यांनी रक्ताचा अहवालही पाहावा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

५. स्नायूंचे आजार

ड्यूशेन हा स्नायू क्षीण होण्याचा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, खाली बसला की स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो. ही उठण्याची खूण गॉवर्स यांनी १८७९ मध्ये सांगितली. डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन तयार न झाल्याने हे होते, हे १९८७ च्या सुमारास कळले. निरोगी स्नायूपेशी टोचण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले. पण बहुतेक पेशी मरून गेल्या आणि उरलेल्या सुईच्या आसपासच राहिल्या. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. सगळीकडे सुई कशी पोचणार? म्हणून या आजारात मूलपेशींचे इंजेक्शन हा सिद्ध उपचार नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड, नियमित फिजिओथेरपी, हृदय व श्वास यांची तपासणी यांनी मुलाची चालती-बोलती वर्षे वाढतात, हे मात्र खरे.

६. कायदा काय सांगतो आणि आपण काय विचारावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा इतर वापर हा प्रयोग समजावा, आणि तो नोंदणीकृत चाचणीतच करावा. औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली उत्पादने तेवढी त्या त्या आजारासाठी वापरता येतात. बियाणे घेताना आपण पावती मागतो, पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो. बोगस बियाण्याने हंगाम जातो. येथे तर शरीराचा प्रश्न आहे. म्हणून पालकांनी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत.

• हा उपचार औषध नियंत्रकांनी मान्य केला आहे का? नेमक्या कोणत्या आजारासाठी?
• ही चाचणी असेल तर तिचा भारतीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक कोणता? चाचणीतील औषधाचे पैसे रुग्णाकडून का घेता?
• पेशी कोठून आणल्या, कोठे वाढविल्या? लेखी पावती मिळेल का?
• गुण आला नाही तर पुढे काय?
• एकच इंजेक्शन गुडघा, मधुमेह, लकवा आणि मतिमंदत्व सगळ्यांवर चालते म्हणत असाल, तर कसे?

उत्तर टाळले गेले, किंवा "आजच पैसे भरा, उद्या सवलत नाही" असे म्हटले गेले, तर उठून घरी यावे.

७. बिनखर्चाचे उपाय

वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम मांडीचे स्नायू बळकट करतो आणि गुडघ्याला आधार देतो. रोज सपाट रस्त्यावर चालावे. गुडघा पूर्णच झिजला असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा अनेक वर्षांच्या अनुभवाने पारखलेला मार्ग आहे.

शाळेच्या विश्वस्त मंडळास नम्र सूचना अशी की, येत्या वर्षी आरोग्य खात्याच्या मदतीने शाळेत सिकलसेल तपासणीचे शिबिर घ्यावे. अहवाल मात्र बंद पाकिटात फक्त पालकांच्या हाती द्यावेत. वर्गात नावे वाचू नयेत. ज्या मुलाला आजार निघेल, त्याला कवायतीतून व उन्हातील खेळांतून सवलत मिळावी, वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि दुखण्याच्या दिवसांची गैरहजेरी लावू नये. आळशी म्हणून ज्याला बोल लावले जातात, त्याचा खुबा कदाचित आतून झिजत असेल.

विज्ञान थांबलेले नाही. आज जे सिद्ध नाही ते उद्या होईलही, आणि कदाचित तुमच्यापैकीच कोणी ते करून दाखवील. तोवर मूलपेशी म्हटले की आशा ठेवावी, पण पैसे मोजण्यापूर्वी पुरावा मागावा.

स्वाध्याय

१. मूलपेशीचे दोन गुण सांगा.
२. हाड जुळते पण कूर्चा भरून येत नाही, याचे कारण लिहा.
३. आई वाहक व वडील निरोगी असतील तर अपत्यांना सिकलसेल आजार होईल का? तक्ता काढून दाखवा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना गुडघ्याचा व्यायाम शिकवा आणि महिनाभर त्याची नोंद वहीत ठेवा.