घरातला उंदीर आणि पावसाळ्यातला ताप

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण एरवी फुकट्या माणसाबद्दल वापरतो. पण घराच्या आरोग्याच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. उंदीर-घुशींनी बीळ केले की मागोमाग त्यात साप येतो, पिसवा येतात आणि डोळ्यांना न दिसणारे रोगजंतूही येतात. उंदीर म्हणजे कपडे कुरतडणारा आणि धान्य नासणारा प्राणी, एवढीच आपली समजूत असते. तो माणसाचा जीवही घेऊ शकतो, हे मात्र आपण विसरतो. या आठवड्यात उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची आणि उंदराला घराबाहेर ठेवण्याच्या उपायांची माहिती घेऊ.

उदाहरण मुंबईच्या उपनगरांचे घेतले आहे. आपल्यापैकी अनेकांचे मुलगा-सून, भाऊ-भावजय, लेक-जावई घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा ठिकाणी राहतात. शिवाय तिथे जे घडले ते आपल्याकडेही घडू शकते.

मुंबईचा अनुभव

मुंबई आणि उंदीर यांचे वैर जुने आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरणाऱ्या त्या रोगाने हजारो माणसे दगावली आणि शहर ओस पडले.

प्लेग मागे पडला, उंदीर राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरांतली लाखो माणसे कंबरभर पाण्यातून घरी गेली. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये तापाचे रुग्ण वाढले आणि त्यांतल्या अनेकांना लेप्टोस्पायरोसिस होता. पुढे २०१५ च्या जून महिन्यातील मुसळधार पावसानंतर दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड या पट्ट्यात याच आजाराने पुन्हा बळी घेतले.

आजार कसा होतो?

लेप्टोस्पायरा हे मळसूत्रासारखे पिळदार जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, पण त्याच्या लघवीतून हे जंतू सतत बाहेर पडत असतात. कुत्री, गुरे आणि डुकरे यांच्यातही ते असू शकतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात हे जंतू आठवडेच्या आठवडे जगतात. कोरड्या जागी मात्र लवकर मरतात. म्हणूनच हा आजार पावसाळ्याचा आहे.

पायाला जखम असेल, टाचेला भेग असेल, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, तर दूषित पाण्यातील जंतू तेथून थेट रक्तात जातात. डोळे, नाक व तोंड यांच्या आतल्या ओल्या त्वचेतूनही ते शिरतात. रुग्णाकडून घरातल्या इतरांना हा आजार सहसा होत नाही.

लक्षणे

पाण्यातून चालल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके दुखते. पोटऱ्या व कंबर इतकी दुखते की रुग्णाला पोटरीवर हात ठेवलेला सहन होत नाही. डोळे लाल होतात, पण त्यांतून घाण येत नाही. योग्य उपचार झाले नाहीत तर काही रुग्णांना कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते, थुंकीतून रक्त पडते. ही अवस्था प्राणघातक असते.

खरा धोका पहिल्या तीन-चार दिवसांत असतो. त्या वेळी हा ताप फ्लूसारखा वाटतो. माणूस औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी घेतो आणि कामावर जातो. अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढवतात. रक्ततपासणीही पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. वेळेवर दिलेले पेनिसिलीन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखे साधे प्रतिजैविक येथे प्राण वाचवते.

मारण्याआधी वाट बंद करा

उंदीर दिसला की आपण औषध आणायला धावतो. हा हिशेब चुकीचा आहे. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात सात-आठ पिले होतात आणि ती पिले तीन महिन्यांत स्वतः वेतायोग्य होतात. दोन उंदीर मारले आणि अन्न व वाट तशीच ठेवली, तर रिकामी जागा शेजारचे उंदीर भरून काढतात. उंदराला अन्न, पाणी, आडोसा आणि वाट या चार गोष्टी लागतात. त्या काढून घेणे हाच टिकाऊ उपाय.

१) वाट : छोट्या घरउंदराला पेन्सिल शिरेल एवढी फट पुरते, तर मोठ्या उंदराला अंगठा शिरेल एवढी. दाराखाली पत्र्याची पट्टी लावा. पाण्याचे नळ व सांडपाण्याचे पाइप भिंतीतून जातात तेथील भोके तारेची घासणी कोंबून वर सिमेंटने लिंपा. नुसता कागद, चिंध्या किंवा थर्माकोल उंदीर एका रात्रीत कुरतडतो. मोरीवर पक्की लोखंडी जाळी हवी. उपनगरांतील जुन्या तीन-चार मजली इमारतींत उंदीर मागच्या पाइपांवरून चढतात. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. खिडकीला आणि एक्झॉस्ट पंख्याला बारीक लोखंडी जाळी बसवावी.

२) अन्न : धान्य पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवू नका. कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा. कबुतरांना आणि कुत्र्या-मांजरांना घातलेले अन्न रात्री पडून राहिले तर ती उंदरांचीच पंगत होते.

३) पाणी : गळका नळ दुरुस्त करा. फ्रीजखालचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा. डेंग्यूचे डासही त्यातच वाढतात, म्हणजे एका कामात दोन लाभ.

४) आडोसा : माळ्यावरची रद्दी, जुनी खोकी, जिन्याखालचे मोडके सामान काढून टाका. ग्रिलमध्ये कोंबलेले सामानही त्यातच आले.

गॅसची रबरी नळी उंदीर कुरतडतात. आतून तारेचे जाळे असलेली नळी वापरा आणि झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा.

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. हातमोजे घालून त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.

पिंजरा आणि विष

घरात शिरलेल्या उंदरासाठी पिंजरा सर्वांत सुरक्षित. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून पिंजरा भिंतीलगत ठेवा. नव्या वस्तूला तो बिचकतो. तेव्हा पहिले दोन दिवस पिंजरा न लावता नुसते खोबरे किंवा सुका बोंबील आत ठेवा. तिसऱ्या दिवशी पिंजरा लावा. पकडलेला उंदीर पुढच्या सोसायटीच्या आवारात सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे.

विषाबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. पोळीला किंवा टोमॅटोला लावून ठेवायची जी पेस्ट मिळते, तिच्या काही प्रकारांत पिवळा फॉस्फरस असतो. यावर खात्रीचा उतारा नाही. मुलाने ते चाटले तर सुरुवातीला थोड्या उलट्या होतात, मग एक-दोन दिवस ते बरे दिसते, आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. त्या मधल्या ‘बरे’ दिवसांनी फसू नका. विष पोटात गेल्याची शंका आली तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. वेष्टन बरोबर घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. धान्य-गोदामात वापरायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीच वापरू नयेत. त्यांच्या विषारी वायूने झोपेत माणसे दगावली आहेत.

एकट्याचे काम नव्हे

एकाने भोके बुजवली आणि शेजाऱ्याने खिडकीतून कचरा फेकला, तर उपयोग शून्य. दोन इमारतींमधल्या हाऊसगल्लीत साचलेला कचरा हे उंदरांचे कोठार असते. मुंबई महापालिकेचे कामगार रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारत फिरतात. माणशी रात्रीला ३० उंदीर असे त्यांच्या कामाचे माप ठरलेले असे. पण कचरा रोज पडत असेल तर त्यांची मेहनत वाया जाते. घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, बोरिवलीचा आर मध्य अशा प्रत्येक विभाग कार्यालयात कीटकनाशक खात्याकडे बिळांची तक्रार करता येते. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तास घालवतो, त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत.

आपल्याकडे कौलारू घर, गोठा, भाताची लावणी यांमुळे धोका कमी नाही. शेतात शक्य तर गमबूट घाला. पायाच्या जखमा झाकूनच पाण्यात उतरा आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. जखम आहे का, किती वेळ पाण्यात होता, हे पाहून ते प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का ते ठरवतील. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना वेगळे औषध लागते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या त्यांना देऊ नका. आणि पावसाळ्यात ताप येऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा : “गेल्या पंधरवड्यात मी घाण पाण्यातून चाललो होतो.” एवढ्या एका वाक्याने निदान दोन दिवस आधी होऊ शकते.