मिस मार्पल झालेल्या रदरफोर्डबाई

प्रश्न : ‘मर्डर, शी सेड’ हा जुना इंग्रजी चित्रपट नुकताच पाहिला. त्यात मिस मार्पल झालेल्या आजीबाई फार आवडल्या. पण अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतली मिस मार्पल मला अगदी वेगळी आठवते. या अभिनेत्री कोण? इतक्या उतारवयात त्या सिनेमात कशा आल्या? त्यांचं बालपण भारतात गेलं होतं म्हणतात, ते खरं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाईंचं सगळं आयुष्य तिथूनच उलगडतं.

मार्गारेट रदरफोर्ड यांचा जन्म ११ मे १८९२ चा, लंडनच्या बालम भागातला. वडील विल्यम बेन यांना लग्नानंतर काही महिन्यांतच वेडाचा झटका आला आणि त्या भरात १८८३ साली त्यांनी स्वतःच्या वडिलांचा, रेव्हरंड ज्युलियस बेन यांचा, खून केला. ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात सात वर्षं काढून ते बाहेर आले. बेन हे आडनाव टाकून त्यांनी रदरफोर्ड हे आपलं मधलं नावच आडनाव म्हणून घेतलं. मुलगी झाल्यावर नव्यानं संसार मांडायला हे कुटुंब मद्रासला आलं. तिथं मार्गारेटच्या आईनं, पोटात दुसरं मूल असताना, आत्महत्या केली. तीन वर्षांच्या मुलीला विम्बल्डनला मावशीकडे धाडण्यात आलं. तेव्हा बालपण भारतात गेलं असं काही म्हणता येणार नाही. भारतात त्यांची आई गेली, एवढं मात्र खरं.

वडील वारले असं या मुलीला सांगितलं होतं. मोठी होत असताना तिला कळलं की ते जिवंत आहेत आणि पुन्हा ब्रॉडमूरमध्ये आहेत. तो आजार आपल्यातही उतरला असेल, ही भीती तिनं जन्मभर बाळगली. मोठेपणी नैराश्याचे झटके येत, उपचार घ्यावे लागत. आत्मचरित्र लिहिलं तेव्हाही घरातल्या खुनाचा उल्लेख त्यांनी केला नाही. (मजूर पक्षाचे गाजलेले नेते टोनी बेन हे याच बेन कुटुंबातले, ज्युलियस बेन यांचे पणतू.)

बेसी मावशीनं तिला मायेनं वाढवलं. मार्गारेट पियानो आणि वक्तृत्व शिकवू लागली. नाटकाची ओढ होती, पण पोटापाण्यासाठी शिकवण्या सुटत नव्हत्या. मावशी गेली, तिनं मागं ठेवलेल्या थोड्या पैशांच्या आधारावर १९२५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बाई लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ या नाट्यगृहात शिकाऊ नटी म्हणून दाखल झाल्या. तिथं जम बसला नाही. पुन्हा शिकवण्या, मग लहान गावांतल्या नाटक मंडळ्या, असं करत त्या लंडनच्या मोठ्या रंगभूमीवर पोचल्या. पहिला चित्रपट मिळाला १९३६ मध्ये, म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी. ज्या वयात नट्यांना कामं मिळेनाशी होतात, त्या वयात त्यांची सुरुवात झाली.

रुंद जबडा, लोंबती हनुवटी, टपोरे डोळे आणि अंगावर शाल असा त्यांचा एकंदर थाट. लोक त्यांना बघूनच हसू लागत. त्यांना मात्र गंभीर भूमिका हव्या असत. पण एकदा मिळालेली भूमिका विनोदी असली तरी ती त्या पूर्ण गांभीर्यानं करत, आणि माझ्या मते त्यांची सगळी थोरवी यातच आहे. आपण गमतीदार आहोत हे त्यांच्या पात्राला कधी ठाऊकच नसतं.

याचा पुरावा हवा असेल तर ‘ब्लाइथ स्पिरिट’ पाहा. नोएल कॉवर्डचं हे नाटक १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि त्याचे १,९९७ प्रयोग झाले. एका लेखकाच्या घरी मृतात्म्यांना बोलावण्याची बैठक भरते आणि त्याची मेलेली पहिली बायको खरंच येऊन बसते. ती बैठक घेणाऱ्या मादाम आर्काती म्हणजे रदरफोर्डबाई. ही भूमिका घ्यायला त्या आधी तयार नव्हत्या. मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांवर त्यांची श्रद्धा होती आणि त्यांची टवाळी करायला मन धजत नव्हतं. हो म्हटल्यावर त्यांनी आर्काती ढोंगी बाई म्हणून केलीच नाही. ही बाई आपल्या कामावर प्रेम करणारी आहे. सायकलवरून येते, भरपेट जेवते, खिडकी उघडून मोकळी हवा छातीत भरून घेते आणि मग कसरतीला उतरणाऱ्या पैलवानासारखी कामाला लागते. भूत खरंच आलंय हे कळल्यावर तिला होणारा आनंद एखाद्या शास्त्रज्ञाचा आहे. घराघरांत माणसं गमावलेला प्रेक्षक त्या दिवसांत समोर बसत असे. त्याला या बाईंच्या प्रामाणिकपणामुळेच मोकळेपणानं हसता आलं असेल, असं मला मनापासून वाटतं. डेव्हिड लीननं १९४५ मध्ये केलेल्या चित्रपटात ती आर्काती आजही पाहायला मिळते.

मग कामांचा ओघ लागला. ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ (१९४९) मध्ये त्या इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. जुनं दस्तऐवज वाचून लंडनचा एक मोहल्ला कायद्यानं परक्या राज्याचा आहे, असं त्या ठणकावून सांगतात. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ’ (१९५०) मध्ये सरकारी घोळामुळे मुलींची शाळा मुलांच्या शाळेत येऊन पडते आणि मुख्याध्यापिका रदरफोर्डबाई मुख्याध्यापक अ‍ॅलस्टर सिम यांच्यासमोर उभ्या ठाकतात. त्या दोघांची जुगलबंदी ब्रिटिश विनोदी चित्रपटांतल्या उत्तम प्रसंगांत मोडते. १९५२ मध्ये ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधली मिस प्रिझम त्यांनी केली.

आता तुमच्या मिस मार्पलकडे येतो. १९६१ ते १९६४ या काळात रदरफोर्डबाईंचे मार्पलवरचे चार चित्रपट आले. तुम्हाला फरक जाणवला तो बरोबरच आहे. कादंबरीतली मार्पल उंच, सडपातळ, विणकाम करत कोपऱ्यात बसून सगळं टिपणारी. पडद्यावरची मार्पल धिप्पाड, घोड्यावर बसणारी, तलवार चालवणारी. ‘मर्डर, शी सेड’ ज्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’वरून घेतला, तिथं संशयित घरात कामाला राहते ती ल्यूसी नावाची तरुणी. चित्रपटात मार्पल स्वतःच मोलकरीण होऊन शिरते. पुढचे दोन चित्रपट तर मुळात पोयरो या ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या कादंबऱ्यांवरचे आणि चौथा कुठल्याही एका कादंबरीवर आधारलेला नाही. ख्रिस्तीबाईंना हे चित्रपट रुचले नाहीत, पण या अभिनेत्रीबद्दल त्यांना आदर होता. १९६२ मधली ‘द मिरर क्रॅक्ड’ ही कादंबरी त्यांनी रदरफोर्डबाईंनाच अर्पण केली. आणखी एक गंमत : ‘मर्डर, शी सेड’मध्ये छोटी भूमिका केलेल्या जोन हिक्सन पुढे बीबीसीच्या मालिकेत स्वतः मिस मार्पल झाल्या, आणि त्यांची मार्पल कादंबऱ्यांतल्या मार्पलच्या फार जवळची आहे.

खून हा करमणुकीचा विषय व्हावा हे रदरफोर्डबाईंना पटत नव्हतं, म्हणून या भूमिकेलाही त्या आधी राजी नव्हत्या. त्यांच्या घरचा इतिहास ठाऊक असला की हा नकार नुसता सोवळेपणा वाटत नाही.

चित्रपटात मार्पलच्या मागं-मागं फिरणारे, भित्रे पण निष्ठावान मिस्टर स्ट्रिंगर तुम्हाला आठवत असतील. ते पात्र ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांत नाही. ते काम केलं स्ट्रिंगर डेव्हिस यांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी. दोघांचं लग्न १९४५ मध्ये झालं, बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या दुखण्याच्या दिवसांत डेव्हिस यांनी त्यांना जपलं, सांभाळलं.

‘द व्ही. आय. पी.ज’मधल्या, विमानाच्या भीतीनं गोळ्या खाणाऱ्या वृद्ध डचेससाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. १९६७ मध्ये ‘डेम’ हा किताब आला. २२ मे १९७२ रोजी बकिंगहॅमशरमध्ये त्या वारल्या. डेव्हिसही पुढच्याच वर्षी गेले.

मार्पलचे उरलेले तीन चित्रपट तुम्ही बघालच. पण त्याआधी ‘ब्लाइथ स्पिरिट’ मिळवून बघा, आणि आर्कातीच्या पहिल्या प्रवेशात बाईंच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नका.