माडावरील कोळी कीड

प्रश्न : तोंडवलीच्या बागेत माडाच्या कोवळ्या फळांवर तपकिरी चट्टे पडून फळे गळतात. कारण व उपाय?

उत्तर : हे काम इरिओफाईड कोळ्याचे. भारतात त्याची नोंद १९९८ साली केरळात झाली. पुढे तो कोकणपट्टीतही पसरला. लांबी पाव मिलिमीटरपेक्षा कमी असल्याने नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, ओळखायचा तो खुणेवरून. सुपारीहून थोडे मोठे फळ हातात घेतले, की देठाकडच्या टोपीखालून निघालेला फिकट त्रिकोणी चट्टा दिसतो. टोपी उचकटून आतली बाजू भिंगाखाली धरल्यास कोळ्यांची वसाहतच सापडते. चट्टा पुढे तपकिरी होतो, भेगा पडून डिंक येतो, नारळ लहान व वेडावाकडा राहतो. सोडण घट्ट बसल्याने सोलणेही जिकिरीचे होते.

टोपीआडच्या किडीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही, म्हणून औषध मुळावाटे देणे अधिक भरवशाचे. पेन्सिलीएवढे जिवंत मूळ तिरके कापून ५ टक्के अ‍ॅझाडिरॅक्टिन ७.५ मिली व तेवढेच पाणी भरलेल्या पिशवीत बुडवून बांधावे. तयार नारळ आधीच उतरवावेत; त्यानंतर ४५ दिवस काढणी करू नये. गळलेली फळे जाळावीत. किनाऱ्याच्या वाळूत पालाश टिकत नाही, तेव्हा शेणखतासोबत पालाशही हप्त्याहप्त्याने द्यावे.